कोरा जानेवारी

"लुंग, तुमचा जानेवारी कुठाय?" झेरॉक्सवाल्या तिमबाईंनी पासबुक काचेवर पालथं घालता घालता परत उचललं आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं. सकाळचे सव्वासात वाजले होते. इमिग्रेशनचं फाटक उघडायला सव्वा तास होता आणि नेव्हिल प्रॉक्टर, वय एकाहत्तर, निवृत्त, नेहमीप्रमाणे रांगेत पहिला होता. खरं तर रांगच नव्हती. तो होता, तिमबाई होत्या, त्यांची भली मोठी छत्री होती आणि छत्रीच्या दांड्याला टांगलेलं निळ्या पेनांचं डबडं होतं. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईनेच सही लागते हे तिमबाईंनीच त्याला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्याला वाटलं, बाई थट्टा करताहेत. लुंग म्हणजे काका, आणि या थाई गावात काका झालेल्या गोऱ्या माणसाची थट्टा करायला कोणाची परवानगी लागत नाही. "आहे की," तो म्हणाला, "बारा नोंदी आहेत. मोजून बघा." तिमबाईंनी मोजल्यासारखं केलं. "नोंदी बाराच आहेत," त्या म्हणाल्या, "महिने अकरा आहेत." मग त्यांनी नखाने दाखवलं. चार डिसेंबर, परदेशातून सहासष्ट हजार बाथ. तीस डिसेंबर, परदेशातून सहासष्ट हजार बाथ. त्यानंतर विजेचं बिल, पाण्याचं बिल, स्कूटरचा विमा, आणि एकदम तीन फेब्रुवारी. जानेवारी आपला कोराच.

नेव्हिलने पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. आकडे हलले नाहीत. नियम त्याला पाठ होता: दर महिन्याला किमान पासष्ट हजार बाथ बाहेरच्या देशातून आलेले दिसले पाहिजेत, सलग बारा महिने, तर मुक्काम एक वर्षाने वाढणार. त्याने रंगीत पट्ट्या लावलेली फाइल केली होती. पेन्शनची हिरवी, बँकेच्या पत्राची पिवळी, घराच्या नकाशाची गुलाबी. आज पहाटे बँकेच्या मशीनवर जाऊन शंभर बाथ काढून, पासबुकात आजची तारीख छापूनसुद्धा आणली होती, कारण शिळं पासबुक चालत नाही. गेल्याच महिन्यात त्याने शेजारच्या डॅनिश माणसाला तासभर व्याख्यान दिलं होतं की कागदपत्रं म्हणजे काय आणि ती ठेवायची कशी. तो बिचारा जांभया देत बीअर पीत होता. आणि आता हा जानेवारी. कसा घडला हेही त्याला लख्ख आठवलं, आठवायची इच्छा नसताना. नववर्षाच्या सुट्ट्यांत बँका बंद असतात, पैसे अडकतात, म्हणून खबरदारी घेऊन जानेवारीचे पैसे त्याने सत्तावीस डिसेंबरलाच पाठवून दिले होते. ते बिचारे कुठेच अडकले नाहीत. तीन दिवसांत धावत आले आणि डिसेंबरातच येऊन बसले. वर्षभर तो नोंदी मोजत राहिला. बारा म्हणजे बारा. उशीर होऊ नये म्हणून आयुष्यभर धडपडलेला माणूस लवकर आल्यामुळे बुडाला होता. बेरिल असती तर पोट धरून हसली असती. स्टेशनावर तासभर आधी पोचून थंडीत कुडकुडणाऱ्या नवऱ्याशेजारी थर्मास घेऊन बसण्यात तिची अडतीस वर्षं गेली होती. "नेव्ह," ती म्हणायची, "गाडी आपल्याला सोडून जायची नाही रे, ती अजून कारखान्यात बनतेय."

"एक महिनाच तर आहे," तो तिमबाईंना म्हणाला, आणि स्वतःचा आवाज ऐकून चमकला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. फक्त तो आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका पावसाळी गावात एकतीस वर्षं तो गाडी चालवण्याची परीक्षा घेत होता. डाव्या सीटवर बसायचं, गुडघ्यावर पाटी, पाटीवर कागद, चेहरा कोरा. बारीकसारीक चुका पंधरापर्यंत माफ. गंभीर चूक एक झाली की नापास, मग उरलेली अडतीस मिनिटं कितीही सुरेख का चालवलेली असेनात. गाडी थांबली की रडकुंडीला आलेली माणसं हेच म्हणायची. एकदाच तर झालं, साहेब. एकच तर वळण. बाकी सगळं बरोबर होतं ना? एक पाववाला होता, बायको नवव्या महिन्यात. तो म्हणाला, उद्या कळा सुरू झाल्या तर तिला ब्रेडच्या ट्रॉलीवरून नेऊ का? एक शाळामास्तरीण होती, सगळं अचूक केलं आणि शेवटच्या मिनिटाला, सुटले एकदाची म्हणून श्वास सोडला तो थांबायच्या पांढऱ्या रेघेपुढे गाडी नेऊन. नेव्हिल प्रत्येकाला एकच वाक्य एकाच सुरात सांगायचा: मला सांगायला खेद होतो, आपण उत्तीर्ण झालेला नाहीत. खेद होत नसे. संध्याकाळी जेवताना तो बेरिलला ही कारणं नकला करून ऐकवायचा आणि ती हसायची, बरीच वर्षं हसली, नंतर नंतर नुसती बटाटे वाढायची. बेरिल स्वतः गाडी शिकली नाही. "तुझ्यासारखा कोणी शेजारी बसणार असेल तर मला बस बरी," असं म्हणून ती जन्मभर पावसात बसस्टॉपवर उभी राहिली. हे वाक्य तेव्हा त्याला विनोद वाटलं होतं. आज छत्रीखाली उभं राहून ते नीट ऐकू आलं आणि त्याला वाईट वाटलं. आज इथे येऊन बेरिलची माफी मागण्यात काही अर्थ नव्हता, तरी त्याने मनात मागून टाकली.

लमदुआन रस्ता ओलांडून आली, एका हातात चिकट भाताच्या पुड्या, दुसऱ्या हातात काडीला लावून भाजलेले डुकराच्या मांसाचे तुकडे. ती विधवा, त्रेसष्ट वर्षांची, सकाळी बाजारात शेवयांचा रस्सा विकणारी. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत नेव्हिल सात वर्षांपूर्वी तीन महिन्यांसाठी म्हणून भाड्याने राहायला आला होता. पहिल्या वर्षी भाडं घेतलं, दुसऱ्या वर्षी तिने ते विसरायला सुरुवात केली, तिसऱ्या वर्षापासून तो भाजी आणि गॅस आणतो. गावाने काही विचारलं नाही आणि या दोघांनी काही सांगितलं नाही. "काय झालं? तोंड का असं?" तिने विचारलं. तिमबाईंनीच सांगून टाकलं. लमदुआनने काडीवरचा तुकडा दातांनी ओढला, चावला, गिळला आणि मग फस्सकन हसली. "कागदाला पट्ट्या लावायच्या, पट्ट्यांना नंबर लावायचे, आणि महिनाच घरी विसरायचा!" "विसरलो नाही," नेव्हिल म्हणाला, "लवकर पाठवला." "म्हणजे नेहमीचंच," ती म्हणाली, "परवा नाही का, अंत्ययात्रेला दोन तास आधी नेलंत मला. मेलेला माणूससुद्धा तयार नव्हता." तिमबाई यंत्रावर हात आपटून हसल्या. नेव्हिललाही हसू आलं आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. "हे बघा," लमदुआन भाताची पुडी त्याच्या हातात कोंबत म्हणाली, "आत गेल्यावर तुम्ही गप्प बसायचं. बोलायचं काम माझं." "काय बोलणार?" "ते मला आताच कसं माहीत असेल? तिचं तोंड बघून ठरवीन."

साडेआठला फाटक उघडलं. त्याच्या हातात एक नंबरची चिठ्ठी होती, दरवर्षीसारखीच, आणि दरवर्षी तिचा त्याला वाटणारा अभिमान आज कुठे दिसेना. बाकडं गार होतं. वर पंखा एका पात्याने खर्र आवाज करत होता. मुक्कामाची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. दहाव्या दिवशी काय, हे त्याने आजवर कधी डोळ्यांपुढे आणलं नव्हतं. आज ते आपणहून आलं. पुतण्या ग्रॅहॅमच्या घरातली मागची खोली, त्यात इस्त्रीचं टेबल, न वापरलेली व्यायामाची सायकल, खिडकीतून दिसणारी शेजाऱ्यांची विटांची भिंत. ग्रॅहॅम चांगला मुलगा होता. "काका, केव्हाही या," तो म्हणायचा, आणि मनापासून म्हणायचा, पण सायकल हलवायचा नाही. नव्याने व्हिसा काढून परत येता येईल म्हणे, सहा महिन्यांनी, आठ महिन्यांनी. एकाहत्तराव्या वर्षी आठ महिने म्हणजे किती हे सांगणारं कोष्टक त्याच्याकडे नव्हतं. त्याला अंगणातला सकाळचा झाडूचा आवाज आठवला. लमदुआन झाडताना त्याच्या खोलीसमोर मुद्दाम जोरात झाडायची, म्हणजे त्याने उठावं. देवळामागच्या मैदानावर सात वाजता पेतोंग सुरू व्हायचं. लाकडाची छोटी गोटी पुढे टाकायची आणि लोखंडी गोळे तिच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन ठेवायचे, एवढाच खेळ, पण त्यावरून सत्तरी उलटलेली माणसं जमिनीवर पालथी पडून अंतरं मोजत आणि आठवडा आठवडा बोलत नसत. मापाची दोरी नेव्हिलकडे असे. त्याचा निकाल कोणी मोडत नसे. "गोऱ्याला गावात ना भाऊ ना मेहुणा," म्हातारे म्हणायचे, "तो कोणाची बाजू घेणार?" याच कारणाने पेतोंग संघाचे पैसेही त्याच्याच खात्यात होते. इंग्लंडात त्याच्या निष्पक्षपणामुळे लोक त्याला रस्त्यात टाळायचे. इथे त्याच गुणासाठी त्याला बसायला खुर्ची देतात. त्याला भीती वाटत होती, साधी सरळ भीती, शाळेत पहिल्या दिवशी वाटते ती. शेजारी लमदुआन काडीने दात कोरत होती. तिचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागला होता आणि तिने तो काढून घेतला नव्हता.

टेबलामागच्या अधिकारी बाईंचं नाव ओराथाई. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, चेहरा कोरा. नेव्हिलने तो चेहरा तत्काळ ओळखला. असा चेहरा आरशासमोर सराव करून कमवावा लागतो, याची त्याला कल्पना होती. त्यांनी हिरवी पट्टी उलटली, पिवळी उलटली, पासबुकावर पेनाचं टोक ठेवलं आणि एकेक महिना खाली उतरत गेल्या. डिसेंबरवर पेन थांबलं. लमदुआनने ताबडतोब सूर लावला. "ताई, काय सांगू तुम्हाला, त्या जानेवारीत यांना ताप. काय तो ताप! अंगावर भात शिजला असता. त्यातच तिकडची यांची बँक बुडता बुडता वाचली, त्यातच आमची म्हैस..." "आमच्याकडे म्हैस नाही," नेव्हिल म्हणाला. टेबलाखालून लमदुआनची टाच त्याच्या बोटांवर पडली. ओराथाईबाईंनी मान वर केली. "ताप आला होता?" "नाही," तो म्हणाला. सात वर्षांत त्याची थाई बरीच सुधारली होती, पण खोटं बोलण्याइतकी नाही, निदान त्याने स्वतःला असंच सांगितलं. खरं हे होतं की एकतीस वर्षं त्याने जी कारणं ऐकून मनातल्या मनात तुच्छ मानली, त्यांच्या रांगेत उभं राहायला त्याची जीभ वळेना. "माझी चूक आहे. जानेवारीचे पैसे मी डिसेंबरात पाठवले. महिना रिकामा आहे." म्हणून झाल्यावर त्याला फार हलकं वाटलं, आणि लगेच फार मूर्खासारखं वाटलं.

पंख्याने चार वेळा खर्र केलं. मग ओराथाईबाईंनी ड्रॉवरमधून गणकयंत्र काढलं. "महिन्यांच्या हिशेबात तुम्ही बसत नाही," त्या म्हणाल्या, "पण नियमाला दुसरंही दार आहे. वर्षाचं उत्पन्न आणि खात्यातली शिल्लक मिळून आठ लाख भरले तरी चालतं. शिल्लक मात्र दोन महिन्यांत जितकी खाली गेली असेल तितकीच धरायची." बोटं चालू लागली. बारा वेळा सहासष्ट हजार, सात लाख ब्याण्णव हजार. दोन महिन्यांतली कमीत कमी शिल्लक, अकरा हजार चारशे. "आठ लाख तीन हजार चारशे," त्या म्हणाल्या. "झालं." लमदुआनने हात जोडून कपाळाला लावले. झालं! नेव्हिलने खिशातला रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर ते अकरा हजार चारशेसुद्धा डोळ्यांसमोर आले. त्यातले नऊ हजार पेतोंग संघाच्या शर्टांचे होते. ते चार महिने हलले नव्हते, कारण शर्ट जांभळे असावेत की नारिंगी यावरून संघात दोन तट पडले होते आणि माघार कोणी घेत नव्हतं. नऊ हजार वजा केले तर सात लाख चौऱ्याण्णव हजार चारशे. म्हणजे नापास. गप्प बस, त्याच्या डोक्यात बेरिल म्हणाली. गप्प बस, नेव्ह, एकदा तरी. पण आतली ती पाटी, तो कागद, तो डावीकडचा माणूस. तो माणूस पेन उचलून वाट पाहत बसला होता आणि या खेपेला गाडी चालवणाराही तोच होता. "त्यातले नऊ हजार माझे नाहीत," नेव्हिल म्हणाला.

लमदुआनने डोळे मिटून घेतले. "कोणाचे आहेत?" ओराथाईबाईंनी विचारलं. "संघाचे. शर्टांचे." "खातं कोणाच्या नावावर आहे?" "माझ्या. पण..." "लुंग," बाई म्हणाल्या, आणि त्या कोऱ्या चेहऱ्यावर ओठाचा एक कोपरा किंचित हलला, ज्याने तो चेहरा स्वतः वापरला आहे त्यालाच दिसावा इतका. "माझ्या कागदावर रकाना आहे तो खातं कोणाच्या नावावर याचा. पैसे मनाने कोणाचे, असा रकाना मला दिलेला नाही. मी तो माझ्या मनाने आखायचा का?" नेव्हिलच्याही कागदावर असे रकाने नव्हते. पाववाल्याचे हात स्टिअरिंगवर किती थरथरत होते, शाळामास्तरणीने फी भरायला काय विकलं होतं, यांना जागाच नव्हती, आणि जागा नव्हती हेच त्याला एकतीस वर्षं पुरेसं वाटलं होतं. रकान्यांच्या कडेकडेने माणसाला आत घेता येतं, हे त्याला आज कळत होतं, उत्तीर्ण होताना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रुमाल हातात होताच. ओराथाईबाईंनी शिक्का शाईवर दाबला, पासपोर्टावर दाबला, तारीख घातली, सही केली आणि लमदुआनकडे वळून म्हणाल्या, "मावशी, पुढच्या वर्षीसुद्धा बोलायचं काम तुम्हीच करा. यांना बाहेर बसवा. आणि म्हैस जरा आधी आणा, मला ऐकायची होती."

बाहेर ऊन चढलं होतं आणि तिमबाईंच्या छत्रीपुढे खरी रांग लागली होती. लमदुआनने स्कूटरच्या सीटवर पासपोर्ट उघडून धरला, शिक्का वाळला का बघायला. "किती दिवस?" नेव्हिल म्हणाला. "वर्ष." "आणि बाकी काय लिहिलंय?" त्याने विचारलं. सात वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. थाई अक्षरं त्याला वाचता येत नसत आणि तारखेच्या पुढे कधी गरज पडली नव्हती. निवृत्त, असं काहीतरी असेल असं तो धरून चालला होता. लमदुआन ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचू लागली. "कारण... आयुष्याचा अखेरचा भाग... इथे घालवण्यासाठी." "अखेरचा?" "तसंच लिहिलंय. अखेरचा भाग. मुदत एक वर्ष." नेव्हिल शिक्क्याकडे बघत राहिला. मग त्याच्या पोटातून हसू आलं, मोठं, रांगेतली माणसं वळून बघतील इतकं. "म्हणजे माझा अखेरचा भाग आज सातव्यांदा मंजूर झाला!" "पुढच्या वर्षी आठव्यांदा," ती म्हणाली, "कागद धड आणलेत तर." तीही हसली, पण थोडंच. पासपोर्ट मिटून तिने तो त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून एकदा थोपटला. "मजा आहे तुमची, लुंग. तुम्हाला सरकार वर्ष वर्ष तोडून देतं. माझ्या अखेरच्या भागावर कोण शिक्का मारतंय? सकाळी उठले तर उठले." तिने हे अगदी सहज म्हटलं, शेवयांचा भाव सांगावा तसं, आणि हेल्मेट घालायला लागली. नेव्हिलला सात वर्षांत तिला बऱ्याच गोष्टी विचारायच्या होत्या. प्रत्येक गोष्टीची त्याने फार आधीपासून तयारी केली होती आणि त्यामुळे एकही विचारली नव्हती. आता काहीच तयारी नव्हती. "यातलं अर्धं तुम्ही घ्या," तो म्हणाला. लमदुआनचे हात हेल्मेटच्या पट्ट्यावर थांबले. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, ताप आला आहे का बघावं तसं.

"अर्धं घेऊन काय करू?" ती म्हणाली. "सगळंच द्या. आणि बसा मागे, ऊन लागतंय."